दाखवण्याआधीचा तुकडा

“थांबा की डॉक्टर, थोरला गाडी लावून येतोय,” म्हातारा म्हणाला आणि डॉ. बारगीर खरोखरच थांबले.

ऑपरेशन थिएटरच्या अर्धवट उघड्या दारात ते उभे होते. मास्क हनुवटीखाली ओढलेला, हातात स्टीलचा ट्रे आणि ट्रेमध्ये त्या म्हाताऱ्याच्या धाकट्या भावाचं नुकतंच काढलेलं मूत्राशय. मी त्यांच्या मागे उभी होते, पायात कुणाच्या तरी मोठ्या मापाच्या स्लिपर आणि हातात द्रव नायट्रोजनचा डबा. मूत्राशयाचा एक तुकडा त्या डब्यात टाकून खाली न्यायचा, एवढंच माझं काम. एरवी तेही मला करावं लागत नसे. थिएटरचे जुने वॉर्डबॉय शिवामामा तुकडा बर्फात घालून तळमजल्यावरच्या आमच्या प्रयोगशाळेत आणून देत आणि मी खिडकीतून तो घेई. त्या आठवड्यात मामा मुलीच्या लग्नासाठी गावी गेले होते, म्हणून मी पहिल्यांदाच जिने चढून वर आले होते.

म्हाताऱ्याचा थोरला मुलगा आला. त्याच्यामागून दोन बायका आल्या. एकीने पदर नाकाला लावला, पण बघायचं काही सोडलं नाही. डॉक्टरांनी चिमट्याने ते उलटंसुलटं करून दाखवलं. “ही गाठ. मुळासकट काढलीय. दोन्ही किडन्या जागेवर आहेत, त्यांना हातसुद्धा लावलेला नाही.” कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला. मग लक्षात आलं की मेहुण्यांना बोलवायचं राहिलं, ते खाली चहा प्यायला गेले होते. आत सहायक टाके घालत होता, डॉक्टर पुन्हा थांबले.

मी भिंतीला टेकले. त्या काळात मी जिथे जाईन तिथे टेकत असे. संशोधनाचं सहावं वर्ष चालू होतं, माझ्याबरोबरच्या मुली नोकऱ्या करून, लग्न करून, मुलं शाळेत घालून मोकळ्या झाल्या होत्या, आणि मी मिरजेत मूत्राशयांची वाट बघत बसले होते. मेहुणे जिना चढून येईपर्यंत मी त्या ट्रेकडे नुसतीच बघत होते. मग एकदम मी भिंत सोडून सरळ उभी राहिले.

“डॉक्टर,” सगळे गेल्यावर मी विचारलं, “रोज इतका वेळ दाखवता?”

“प्रत्येकाला दाखवतो. माझ्या एका मित्राच्या दवाखान्यावर दगड पडले होते. किडनी काढून विकली म्हणून. मूतखडा काढला होता त्याने बिचाऱ्याने. तेव्हापासून मी जे काढतो ते अखंड दाखवतो. चिरलेलं दाखवलं तर विचारतात, उरलेलं कुठाय? का हो नलावडे मॅडम, काय झालं?”

“काही नाही,” मी म्हटलं आणि जिना उतरले.

माझा विषय समजायला जरा किचकट आहे, पण तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपल्या पेशींच्या अंगावर रिसेप्टर असतात. बाहेरचा निरोप आला की ते आत वर्दी देतात, दारावरच्या कडीसारखे. प्रत्येक रिसेप्टर बनवणारा एक जीन पेशीच्या आत असतो आणि तो किती जोरात चालू आहे, हे यंत्रावर मोजता येतं. मूत्राशयातल्या अशाच एका रिसेप्टरच्या मागे मी लागले होते. कर्करोगाच्या गाठींमध्ये त्याचा जीन दणक्यात चालू दिसत होता, निरोगी मूत्राशयात जवळपास बंद. या रिसेप्टरला गप्प करणारं एक औषध दुसऱ्याच आजारासाठी आधीपासून वापरात होतं. म्हणून आमचे मार्गदर्शक डॉ. कुरुंदवाडे आणि डॉ. बारगीर यांनी ते औषध आपल्या रोग्यांना देऊन बघायची परवानगी मिळवली होती. पुढच्या महिन्यात सुरुवात व्हायची होती.

एकच गोष्ट आडवी येत होती. त्याच कर्करोगाच्या पेशी आम्ही प्रयोगशाळेत बाटल्यांमध्ये वाढवत होतो आणि त्या पेशींमध्ये हा जीन मुका होता. कितीही वेळा मोजा, मुकाच. “बाटलीतल्या पेशी माहेर विसरतात,” असं म्हणून सर तो प्रश्न बाजूला सारायचे. मलाही ते पटलं होतं. दमलेल्या माणसाला काहीही पटतं.

पण त्या दुपारी जिना उतरताना मला दुसरंच दिसत होतं. निरोगी तुकडे यायचे ते दुर्बिणीच्या ऑपरेशनमधून, मोहरीएवढे. ते कोण कुणाला दाखवणार? काढले की लगेच बर्फातल्या बाटलीत. गाठी मात्र दारात उभ्या राहून थोरल्याची वाट बघत होत्या. अंगातून सुटलेल्या मांसाला रक्त मिळत नाही, ते गुदमरतं, आणि गुदमरलेल्या पेशी नाही नाही ते जीन चालू करतात. हे आम्ही पुस्तकात वाचलेलं होतं. आमच्याच इमारतीत दोन मजले वर ते रोज चाललेलं असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

सर डबा खात होते. निवृत्तीला वर्ष राहिलेलं, साखर वाढलेली, डब्यात ज्वारीची भाकरी आणि मेथी. भाकरी मोडता मोडता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे आपण रोग मोजतच नव्हतो?” ते म्हणाले. “मेहुण्यांचा चहा मोजत होतो?”

“मला तसं वाटतंय.”

“वाटण्यावर मी औषध थांबवणार नाही. किती लोक आशा लावून बसलेत, ठाऊक आहे तुला.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. भाकरी अर्धी तशीच राहिली होती. “एकाच मूत्राशयाचे दोन तुकडे आण. एक दाखवण्याआधीचा, एक दाखवल्यानंतरचा. दोन्ही सारखे निघाले तर तुझी शंका मिटली.”

“आणि वेगळे निघाले तर?”

“तर तुझ्या प्रबंधात काही उरत नाही, मंजिरी. हे कळतंय ना तुला?”

“कळतंय.”

“मग सावकाश चढ जिना. घाई नाही.”

खरं सांगायचं तर त्या रात्री मला छान झोप लागली. माझी शंका खोटी निघावी असं मला मनापासून वाटत होतं आणि ती खोटीच निघेल, अशी मी स्वतःची समजूत घालून ठेवली होती.

डॉ. बारगीर मात्र ऐकेनात. दाखवण्याआधी कात्री लावायची नाही म्हणजे नाही. “रोग्याची बायको हो म्हणाली तरच. आणि तिला तुम्ही विचारायचं. मी नाही.”

पुढचे रोगी होते जिनगोंडा मगदूम, म्हणजे अण्णा, इचलकरंजीचे. उभा जन्म सूत रंगवण्याच्या कारखान्यात गेलेला. त्या रंगांमुळे या धंद्यातल्या लोकांना हा आजार होतो. अण्णांसारखे पुष्कळ आमच्याकडे येत. त्यांची बायको पद्माक्का वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात वर्तमानपत्रावर चिरमुरे घेऊन बसली होती. मी शेजारी बसले तशी तिने कागद माझ्याकडे सरकवला.

“अक्का, उद्या डॉक्टर पिशवी काढतील ना, तेव्हा बाहेर आणण्याआधी मला त्यातला एक छोटा तुकडा हवाय.”

“आनि मग मला दावणार?”

“हो. पण तुकडा कापल्यानंतर.”

“न्हाई,” ती म्हणाली. रागाने नाही, भाजीवालीला सांगावं तसं. “मला अखंड बगायचं हाय. मालकांनी सांगटलंय. मी शुद्दीत नसनार, म्हनले, तू तुज्या डोळ्यानं बग आनि काय हुतं ते मला खरं सांग. डाक्टर लोक गुळमुळीत बोलत्यात.”

“तुकडा नखाएवढा असतो, अक्का.”

“कशाला पायजे त्यो?”

मी तिला सांगितलं. औषध, जीन, दारावरची कडी, सगळं जमेल तितक्या सोप्या भाषेत. औषधाचं नाव निघताच तिचा चिरमुऱ्यातला हात थांबला. डॉ. बारगीरांनी त्यांना त्याबद्दल सांगून ठेवलं होतं. ऑपरेशननंतर रोग पुन्हा उचल खाऊ नये म्हणून एक नवं औषध येतंय आणि पहिल्या यादीत अण्णांचा नंबर आहे, एवढं तिला पक्कं माहीत होतं.

“म्हंजे ह्यो तुकडा दिला की औषद लागू पडनार?”

इथे हो म्हणून टाकलं असतं तर सगळंच सोपं होतं. “तसं नाही,” मी म्हटलं. “औषध लागू पडेल का नाही, ते तुकडा सांगेल. कदाचित उलटंही सांगेल. काही उपयोग नाही, असंसुद्धा.”

 व्हरांड्यातून एक ट्रॉली कुरकुरत गेली, तिच्यासाठी दोघींनी पाय आखडून घेतले.

“सांगंल ते सांगंल,” शेवटी ती म्हणाली. “लागू न पडनारं औषद घिऊन तरी काय करायचंय? घ्या तुकडा. पर भाईर तुमीच घिऊन यायचं. डाक्टर घाईत असत्यात. आनि मी पुरं म्हनंस्तवर न्ह्यायचं न्हाई.”

मला नेमकं हेच हवं होतं, ती जितका वेळ बघेल तितका दुसरा तुकडा जुना होणार. माझ्या कामाच्या दृष्टीने याहून चांगली अट असू शकली नसती. तरी ते मनात आलं आणि मला स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी डॉ. बारगीरांनी मूत्राशय काढलं, गाठीच्या कडेचा छोटा तुकडा कापून माझ्या चिमट्यात दिला आणि मी तो डब्यात सोडला. डब्यातून पांढरी वाफ वर आली. मग नर्सने माझ्या हातात ट्रे दिला.

ट्रे कोमट होता. इतकी वर्षं माझ्याकडे हे सगळं बर्फातून येत होतं. ते माणसाच्या अंगाइतकं गरम असतं, हे मला माहीत होतं, पण हाताला कधी लागलं नव्हतं. दारापर्यंतची चार पावलं मी कशी चालले ते मलाच आठवत नाही.

अक्का एकटीच उभी होती. मुलगा यंत्रमाग सोडून येऊ शकला नव्हता. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि वाकून बघायला लागली.

“ह्ये समदं खराब व्हय?”

“ही बाजू सगळी. ही भिंत पोखरलीय. तिकडची थोडी बरी आहे.”

“आनि तुकडा हितला?”

“हो.”

“रंग कुटं दिसत न्हाई,” ती म्हणाली. “हिरवा, जांभळा, किती रंग अंगावं घिऊन येत हुते घरी. धुनं धुतल्यालं पानी नुसतं रंगाचं. मला वाटलं आत साचला असंल.”

“रंग तसा दिसत नाही, अक्का.”

तरी ती शोधत राहिली. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मी ट्रे धरून उभी होते, हात भरून आले होते, आणि मनात दुसऱ्या तुकड्याची मिनिटं मोजत होते. आत डॉ. बारगीर टाके घालत होते, त्यांचा नर्सशी चाललेला बारीक आवाज येत होता. अक्काला कसलीच घाई नव्हती. लग्न होऊन आल्यापासून ज्या माणसाबरोबर तिने संसार केला, त्याच्या आतलं ती पहिल्यांदा बघत होती आणि पुन्हा कधी बघणार नव्हती.

“पुरं,” ती म्हणाली. “न्ह्या आता.”

मी आत जाऊन दुसरा तुकडा कापला.

यंत्राने उत्तर द्यायला फार दिवस घेतले नाहीत. सर आणि मी पडद्यासमोर बसलो होतो. पहिल्या तुकड्यात जीन मुका होता, बाटलीतल्या पेशींसारखाच. दुसऱ्या तुकड्यात तो दणक्यात चालू होता, गेली सहा वर्षं आम्ही ज्याला रोगाची खूण म्हणत होतो तसाच.  मी आत गेले, पेशींची एक बाटली घेतली, तिच्यातलं पोषणाचं पाणी काढून टाकलं आणि झाकण लावून ती टेबलावर तशीच ठेवून दिली. अक्का जितका वेळ बघत होती तितका वेळ. त्या पेशी मोजल्या तर तिथेही जीन जागा झालेला. पेशी माहेर वगैरे काही विसरल्या नव्हत्या. आम्ही त्यांना कधी दारात ताटकळत ठेवलं नव्हतं, एवढंच.

“पुन्हा कर,” सर म्हणाले. “एका रोग्यावरून काही ठरत नाही.”

मी पुन्हा केलं. आणखी काही बायकांना विचारलं, एका मुलाला विचारलं, एका भावाने हाकलून दिलं. जे हो म्हणाले त्यांच्या तुकड्यांनी एकच गोष्ट सांगितली. मग एका सकाळी सरांनी औषधाची परवानगी परत करणारं पत्र लिहिलं, या जीनवरचा आमचा छापून आलेला लेख मागे घेणारं दुसरं लिहिलं आणि दोन्ही पाकिटं माझ्याकडे दिली. “आत्ताच टाकून ये पोस्टात. जेवण झालं की माझं मन फिरेल.” मी पोस्टात जाऊन आले. आल्यावर सरांनी मला दुसरा विषय सुचवला, मी वहीत उतरवून घेतला. दोघंही अगदी शहाण्यासारखं बोललो. घरी आईने फोनवर विचारलं, कधी संपणार? मी म्हटलं, होईल आता. मला काही वाटत नव्हतं. थकव्याचं एक बरं असतं, त्यात दुःखालाही उठून बसायचा कंटाळा येतो.

अण्णांना तपासणीला बोलावलं होतं त्या दिवशी मी बाह्यरुग्ण विभागात गेले. कुणी पाठवलं नव्हतं. अक्का औषधांच्या खिडकीपाशी कागद घेऊन उभी होती.

“बाई, बरं भेटलासा. त्ये औषद कवापास्नं चालू?”

“अक्का, ते औषध द्यायचं नाही असं ठरलंय.”

“आमाला, का कुनालाच?”

“कुणालाच.”

तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. “खरं सांगा बाई. आमचा नंबर दुसऱ्या कुनाला दिला असंल तर तसं सांगा. मी भांडनार न्हाई.”

मला वाईट वाटलं आणि रागही आला. सहा वर्षं गेली, आणि वर हे. मी तिचा हात धरून तिला खाली प्रयोगशाळेत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि पडद्यावर तिच्या नवऱ्याच्या दोन रेघा काढून दाखवल्या. एक जमिनीलगत पडून राहिलेली, दुसरी चढत गेलेली. तिने ट्रेकडे बघितलं होतं तसंच वाकून पडद्याकडे बघितलं.

“ह्यो आदीचा. आनि ह्यो मी बगितल्यावरचा.”

“हो.”

“मी बगत हुते तवा ह्ये वाढत हुतं?”

“तुम्ही नसता तरी वाढलं असतं, अक्का. ते बाहेर निघालं होतं ना. अण्णांच्या आजाराला त्याने काही झालं नाही.”

“कळतंय मला. खुळी न्हाई मी.” ती रेघांवरून नजर काढत नव्हती. “मी नगं म्हटलं असतं, तर मालकांना औषद मिळालं असतं.”

“मिळालं असतं. उपयोग झाला नसता.”

“पर मिळालं असतं. रोज सकाळी उटून घेतलं असतं त्येंनी.”

  मी यंत्र बंद केलं. अक्का उठली, पदर खोचला, दारापर्यंत गेली आणि थांबली.

“तुमीच चला, सांगा त्यास्नी. शुद्दीवर आल्यावर मला इचारलं, काय दिसलं? मी सांगटलं, जरासंच हुतं, बाकी समदं चांगलं हुतं. एक खोटं पेललं कसंबसं. दुसरं न्हाई पेलायचं मला.”

अण्णा बाकावर बसले होते. ऑपरेशनच्या आधी पैरणीत मावत नव्हते, आता पैरण नुसती लोंबत होती. लघवीची पिशवी दिसू नये म्हणून मांडीवर टॉवेल पसरलेला. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसून सगळं सांगितलं. औषध मिळणार नाही, आम्ही जे शोधलं असं वाटत होतं ते मुळात तिथे नव्हतंच, आमची वर्षानुवर्षं चूक होत होती, आणि ती त्यांच्या तुकड्यामुळे कळली.  ते सगळं ऐकताना त्यांची नजर टॉवेलवर होती. मग त्यांनी मान वर केली.

“मग तुमचं काय ओ?”

“माझं काय?”

“ह्याच्यावंच परीक्षा देनार हुता न्हवं तुमी? डाक्टर सांगत हुते. त्ये बी गेलं की मग.”

“गेलं.”

“समदं?”

“सगळंच.”

“आता परत पयल्यापास्नं?”

मी मान हलवली.  सरांनी हे विचारलं नव्हतं, डॉ. बारगीरांनी नाही, आईने नाही, आणि मीही स्वतःला विचारायचं टाळलं होतं. पोस्टात पाकिटं टाकताना रडू येणार होतं, तेव्हा आलं नाही. ते आता आलं, इथे, लोकांसमोर, ज्याचं औषध मी काढून घेतलं होतं त्या माणसाच्या पायांशी.

“अगं, सरक जरा,” अण्णा अक्काला म्हणाले. “बसू दे तिला वर.”

अक्का सरकली. मी त्या दोघांच्या मध्ये बसले आणि ओंजळीत तोंड घालून रडले. अक्काने माझ्या पाठीवर हात ठेवला. आतून अण्णांचं नाव पुकारलं, मग पुन्हा एकदा पुकारलं. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.